अकरावा वाटा

नववीच्या सहामाहीत मला बीजगणितात पन्नासपैकी नऊ गुण मिळाले, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं कुठं मी स्वतःचं कौतुक करायला लागले, तर वाचणाऱ्यानं ते त्या नऊ गुणांच्या बेतानंच घ्यावं. वर्गात माझ्यापेक्षाही कमी गुणांची चारपाच मुलं होती. पण माझे नऊ गुण ज्या तऱ्हेनं मिळाले होते, ती तऱ्हा शाळेत गाजली. आमचे गणिताचे हुक्केरी सर पेपर वाटताना प्रत्येकाबद्दल एखादं वाक्य बोलत. माझा पेपर हातात घेऊन ते बराच वेळ नुसते बघत राहिले, मग चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितला आणि वर्गाला म्हणाले, "ह्या मुलीच्या हातात पेन्सिल कुणी दिली? कोयता द्यायचा की."

कारण असं, की मला काटायची विलक्षण हौस होती. बैजिक अपूर्णांकांना संक्षिप्त रूप द्या, असा प्रश्न आला की मी लाल पेन्सिल आणि पट्टी घेऊन बसे. रेघेच्या वरती अंश, खालती छेद. दोन्हीकडं सारखं दिसेल ते काटायचं, एवढं मी वर्गात ऐकलं होतं. त्याच्या आधी सर जे सांगत, की आधी अवयव पाडा, सगळी राशी गुणाकारात मांडून दाखवा आणि मग काटा, ते माझ्या कानात शिरेपर्यंत पेन्सिल निम्म्या पानावरून फिरलेली असे. वर क्ष अधिक सहा, खाली क्ष अधिक तीन. मी वरचा क्ष काटला, खालचा क्ष काटला, राहिले सहा भागिले तीन, उत्तर दोन. किती स्वच्छ! सरांनी मला फळ्यापाशी बोलावलं आणि क्ष म्हणजे तीन धर म्हणाले. वर नऊ झाले, खाली सहा. उत्तर आलं दीड. "दोन कुठं आणि दीड कुठं?" सरांनी विचारलं. मला दीड दिसत होता, दोनही दिसत होते. पण माझा क्ष कुठं चुकला ते काही केल्या दिसत नव्हतं. उत्तर चूक आहे हे कळणं आणि का चूक आहे हे कळणं, यात मी पाच महिने अडकून पडले होते.

आमचं गाव कागलच्या अलीकडं. आता तिथं पंचतारांकित एमआयडीसीच्या शेड उभ्या आहेत आणि आमच्या गल्लीतली निम्मी नातवंडं तिथं पाळीवर जातात. तेव्हा त्या माळावर कुसळांशिवाय काही नव्हतं. गल्लीत दहा उंबरे, सगळी शेतीवाली घरं, प्रत्येकाच्या दारात म्हशी. सकाळ व्हायची ती धारांच्या चुळूक-चुळूक आवाजानं. मग आईच्या भाकऱ्या थापण्याचा आवाज, मग पाट्यावरचा वरवंटा. आमच्या घरात मी सातवीच्या पुढं गेलेली पहिली. थोरला भाऊ सर्जेराव सातवीतच शाळा सोडून इचलकरंजीला मागावर कामाला लागला होता, आणि मागाच्या खडखडाटात राहून तो घरी आला तरी ओरडूनच बोलायचा. तात्या, म्हणजे माझे वडील, अंगठा करायचे; पण गल्लीत त्यांचा शब्द कुणी मोडत नसे, आणि तो का, ते पुढं येईलच.

मला बीजगणितच का हवं होतं, त्याचं कारण दूध संस्थेत होतं. महिन्यातून एकदा कोल्हापूरहून एक बाई दूध तपासायला यायच्या. पांढरा कोट, पायांत चपला, हातात काचेच्या नळ्यांचा खोका. त्या नळीत दूध आणि औषध घालून फिरवायच्या आणि उजेडाकडं धरून फॅट सांगायच्या. एरवी कुणाच्या बापाला न ऐकणारे आमच्या गावचे पुरुष, त्यांच्या तोंडून आकडा पडेपर्यंत हाताची घडी घालून गप्प उभे असत. एकदा धीर करून मी त्यांना विचारलं, असं व्हायला काय शिकावं लागतं? नळी पुसता पुसता त्या म्हणाल्या, "सायन्स. आणि गणित सोडू नको." झालं. तेव्हापासून सर्जादा मला 'फॅटबाई' म्हणायला लागला. चहा पिताना कप उजेडाकडं धरायचा आणि विचारायचा, "बघा की बाई, आमच्या च्यात किती लागली?"

तेव्हा गणित दोन वाटांनी जायचं. मुलं बीजगणित-भूमिती घ्यायची; मुली बहुतेक सामान्य गणित आणि त्याच्या जोडीला गृहशास्त्र. सामान्य गणित घेतलं की सायन्स कॉलेजचं दार बंद. आमच्या वर्गात बीजगणिताला तीन मुली बसलो होतो. दोघी गणपतीपर्यंतच गृहशास्त्रात गेल्या आणि रुमालांवर फुलं काढायला लागल्या. उरले मी आणि माझी लाल पेन्सिल. सहामाहीचा निकाल घेऊन मी घरी गेले, तेव्हा आई चुलीपुढं होती. सरांनी कोयत्याचं जे म्हटलं, तेही मी प्रामाणिकपणे सांगून टाकलं. आईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "मग शिवणाला घाला की तिला. कापायची हौस तितं तर फिटंल." ती हसत होती, पण तात्या हसले नाहीत. ते म्हणाले, मास्तर सांगतील त्याच विषयाच्या कागदावर मी अंगठा करीन, कारण गणितातलं मला काय कळतंय.

म्हणजे सगळं हुक्केरी सरांच्या हातात गेलं. सर गडहिंग्लजच्या बाजूचे, घरी कानडी बोलणारे. कपाळावर विभूती, सदऱ्याच्या आत गळ्यात लिंगाची चांदीची डबी, डब्यात कायम कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. शाकाहार इतका कडक, की कुणी मुलगा घरून अंडं खाऊन आला तर सर त्याच्या बाजूची खिडकी उघडायला लावत. मुलींना ते 'तंगी' म्हणत. त्यांच्या भाषेत तंगी म्हणजे धाकटी बहीण. दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांनी मला बोलावून घेतलं. ते रागावले नव्हते, हेच मला जास्त लागलं. म्हणाले, सुट्टी संपली की दहा गणितं घालीन, सगळी ह्याच जातीची. सहा बरोबर आली तर बीजगणित. नाहीतर तंगी, सामान्य गणितात तू पहिली येशील आणि मलाही आनंदच होईल. पहिलं येण्याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

सुट्टीत मी वही घेऊन बसे. घरात करंज्या तळल्या जात, सर्जादा माग बंद म्हणून घरी आलेला, त्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत. मी गणित करायचे, क्षच्या जागी तीन घालून ताळा बघायचे, चुकायचं; पुन्हा करायचे, पुन्हा चुकायचं. आज माझ्या नातीच्या हातात एक पाटी आहे, विजेवर चालणारी. तिच्यावर गणित चुकलं की एक अस्वल मान हलवतं आणि बरोबर आलं की वरून रंगीत कागद पडतात. मी तिला विचारलं, पण चुकलं कुठं ते हे अस्वल सांगतं का? ती म्हणाली, "आजी, त्याचे वेगळे पैसे पडतात." माझं अस्वल सर्जादा होता. तो माझ्या खांद्यावरून वहीत वाकायचा आणि म्हणायचा, "आयला, एवढं काटल्यावर कागुद तरी कसा ऱ्हायला गं?"

आता तात्यांच्या मानाचं सांगते. आमच्या गल्लीत कधीमधी दहा घरं मिळून एक पालवं, म्हणजे तरुण बोकड, घ्यायची आणि त्याचे दहा वाटे घालायची. वाटे घालायचं काम तात्यांचं. तागडी नाही, वजन नाही. अंगणात गोणपाटावर केळीची दहा पानं मांडलेली, आणि तात्या उकिडवे बसून वाटे घालायचे. नियम एकच: जे पालव्यात आहे ते प्रत्येक वाट्यात आलं पाहिजे. नळीचं हाड, बरगडीची चाप, काळीज, चरबी, सगळं. मांडीचा मोठा तुकडा आला तर तो फोडून दोन वाट्यांत टाकायचा. एका पानावर जास्त वाटलं तर इकडचं बोटभर उचलून तिकडं. वाटे घालून झाले की तात्या मागं सरून डोळे बारीक करून बघायचे, आणि गल्लीतले सगळे पुरुष त्यांच्याकडं बघायचे. मग पुकारा. एका पोरानं भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं, तात्या कुठल्याही एका वाट्यावर बोट ठेवून विचारणार, "ह्यो कुणाचा?" आणि भिंतीकडच्या पोरानं गल्लीतल्या एका घराचं नाव घ्यायचं. दिसत नाही, त्यामुळं तक्रार नाही. ते पोर म्हणजे बरीच वर्षं मीच होते. एकदा सर्जादाला एका वाट्यात नळी जरा जाड दिसली आणि तात्यांनी त्याच्यावर बोट ठेवल्याबरोबर तो खोकला. मी आपलंच नाव घेतलं. तात्यांनी दहाच्या दहा वाटे एकत्र केले, पहिल्यापासून पुन्हा घातले, आणि त्या दिवसापासून आमच्या घराचं नाव शेवटी घ्यायचं, असा नियम केला. उरेल तो आमचा. सर्जादाला त्यानंतर खरा खोकला आला तरी तो अंगणाबाहेर जाऊन खोकायचा.

भाऊबीज झाली. चार दिवस गोड खाऊन गल्लीची तोंडं आंबली होती, म्हणून पुढच्या रविवारी पालवं पडलं. त्या वेळी शेजारच्या आक्कांची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती, दुसरा आठवडा चालू होता. गल्लीत अशी बाळंतीण असली की काळीज तिचं, असा रिवाज. ते वाट्यांतूनच काढायचं. म्हणजे प्रत्येक घरानं दिलं असं होतं. वाटे घालून झाले होते. तात्या हात धुवायला उठले आणि मला म्हणाले, वाटी घे आणि आक्कांच्या लेकीचं काळीज काढ. मी वाटी घेतली. माझ्या डोक्यात आदल्या रात्रीची गणितं. जवळच्या तीनचार पानांवरचं काळीज मी चटाचट उचललं, वाटी बऱ्यापैकी भरली, आणि मी उठले. दोन घरच्या पुरुषांनी एकदमच घसे खाकरले, कारण ती पानं त्यांना रिकामी दिसली आणि पलीकडची भरलेली.

तात्या ओल्या हातांनी आले. वाटीत बघितलं, पानांकडं बघितलं. मला वाटलं आता ओरडतील. पण ते खाली बसले, वाटीतलं काळीज ज्या पानावरचं त्या पानावर परत ठेवलं आणि सावकाश म्हणाले, "हे बघ शाले. काढायचं तर धाच्या धा वाट्यांतनं काढायचं. न्हाईतर एकातनंबी न्हाय."

मी विचारलं, एखाद्या वाट्यात नसेलच तर?

"तर मग काढायचा हक्क न्हाय. पयलं वाटं नीट घालायचं, समद्यांत हाय का बघायचं, आणि मगच हात घालायचा. तू आधीच हात घातलास."

सर्जादा पायरीवर बसून दात कोरत होता. तो म्हणाला, "तिला सवयच हाय तशी, तात्या. वहीत बी तसंच करती. दिसलं की उचललं." सगळे हसले. मी मात्र वाटी घेऊन तशीच उभी राहिले. मला हसण्याचं काही वाटलंच नाही. मी दहाच्या दहा वाट्यांतून काळीज काढलं, भिंतीकडं तोंड करून दहा नावं घेतली, आणि मसाला वाटायला आईनं हाक मारली तेव्हा वही घेऊन माडीवर गेले होते.

क्ष अधिक सहा. दोन वाटे. एकात क्ष आहे, दुसऱ्यात नाही. आणि मी पाच महिने त्या एका वाट्यातनं क्ष उचलत होते. तीन क्ष अधिक सहा, हेही दोन वाटे. पण ह्यांत दोन्हीकडं तीन आहे. तीन बाहेर काढला, आत राहिलं क्ष अधिक दोन. आता तो तीन खरोखर सगळ्यांचा. मग पुढचं गणित, क्ष वर्ग अधिक पाच क्ष अधिक सहा. तीन वाटे आणि तिन्हींत मिळून सारखं असं काहीच नाही. इथं मी अर्धा तास बसले. खालून रस्स्याचा वास यायला लागला, खोबरं भाजल्याचा, मग कांदा-लसणाच्या चटणीचा. तात्या मोठ्या तुकड्याचं काय करतात, हे मला त्या वासात आठवलं, असं मी पुढं सगळ्यांना सांगत आले आहे. खरं तर मला भूक लागली होती आणि मी त्या मोठ्या पाच क्षकडं मांडीच्या तुकड्यासारखं बघत होते. तो फोडला. दोन क्ष आणि तीन क्ष. आता चार वाटे झाले. पहिल्या दोघांत क्ष सामाईक, मागच्या दोघांत तीन. ते बाहेर काढले तर दोन्हीकडं आत तोच कंस उरला, क्ष अधिक दोन. सर वर्गात हेच पाच महिने सांगत होते, अगदी ह्याच क्रमानं. मी खाली येऊन तीन भाकऱ्या खाल्ल्या. आई म्हणाली, अभ्यासानं एवढी भूक लागत असंल तर शाळा परवडायची न्हाय.

सुट्टी संपल्यावर सरांनी शाळा सुटल्यानंतर मला एकटीला वर्गात बसवलं. दहा गणितं फळ्यावर लिहिली आणि स्वतः खिडकीपाशी पेपर वाचत बसले. मी लाल पेन्सिल घरीच ठेवून गेले होते. दीड तासानं त्यांनी वही घेतली आणि तपासायला सुरुवात केली. सात बरोबर आली होती. तीन ठिकाणी अधिक-उणेच्या चुका. त्या मी पुढं आयुष्यभर केल्या. मला वाटलं झालं, आता कागद देतील. पण सरांचा चेहरा खुलण्याऐवजी कोरडा झाला. त्यांनी विचारलं, शिकवणी कुणाची लावलीस? कुणाची नाही म्हटलं. मग गाईड पाठ केलंस? नाही. पाच महिने माझा घसा फुटला आणि वीस दिवसांत हे कुठून आलं? आणि मग ते म्हणाले, पाठ केलेलं गणित दहावीत फसवतं. समजलं असेल तर समजावून सांग, नाहीतर सामान्य गणितच बरं. त्यांनी फळ्यावर लिहिलं: वर क्ष वर्ग अधिक पाच क्ष अधिक सहा, खाली क्ष वर्ग उणे नऊ.

मला गणित येत होतं. सांगताच येत नव्हतं. माझ्या डोक्यात ते ज्या शब्दांत होतं, ते शब्द विभूती लावलेल्या माणसासमोर उच्चारायचे कसे? मी खडू हातात धरून उभी. सर म्हणाले, "बोल की तंगी. क्ष वर्ग दोन्हीकडं दिसतोय. काटत का नाहीस?"

"सगळ्या वाट्यांत नाही म्हणून, सर."

"कसले वाटे?"

"भाजीचे," मी म्हणाले.

सरांच्या घरचा बाजारात भाजीचा गाळा होता. भाजीचे वाटे त्यांनी माझ्यापेक्षा जास्त बघितले होते. "वांग्याचा वाटा वांग्याचा, दोडक्याचा दोडक्याचा," ते म्हणाले. "एकातलं दुसऱ्यात कधी असतं? तुझं उदाहरण चुकलं. म्हणजे समजलेलं नाही." आणि ते खडू घ्यायला हात पुढं करायला लागले. तो हात पुढं येताना मला पांढरा कोट, काचेच्या नळ्या, सगळं त्यांच्यामागं खिडकीतून बाहेर जाताना दिसलं.

"मटणाचे, सर," मी म्हणाले.

सरांचा हात तिथंच थांबला. मी आता थांबले तर संपलं, हे मला कळत होतं, म्हणून मी फळ्याकडं तोंड केलं. भिंतीकडं तोंड करून बोलायची मला सवय होतीच. मी तात्या, केळीची पानं, बाळंतिणीचं काळीज, सगळं सांगत पाच क्ष फोडला, चार वाटे घातले, दोन्हीकडचा कंस काढला. खालच्या क्ष वर्ग उणे नऊचे क्ष अधिक तीन आणि क्ष उणे तीन केले, आणि आता क्ष अधिक तीन वर सगळ्यांचा आहे आणि खाली सगळ्यांचा आहे असं म्हणून तो काटला. राहिलं वर क्ष अधिक दोन, खाली क्ष उणे तीन. मला वाटलं सर खिडकी उघडायला गेले.

"आणि एका वाट्यात काळीज नसलं," सरांनी विचारलं, "आणि बाकीच्यांतलं काढलं तर?"

"तर गल्लीत भांडणं लागतात, सर."

मी वळले तेव्हा ते डोळे पुसत होते, हसून. त्यांनी कागदावर 'बीजगणित-भूमिती' लिहिलं, खाली सही केली, आणि तो माझ्या हातात देताना म्हणाले की तुझ्या वडिलांना माझा नमस्कार सांग. पण वर्गात हे कुणाला बोलू नकोस. पुढच्या वर्षापासून ते अवयव शिकवताना प्रसादाच्या वाट्यांचं उदाहरण द्यायला लागले: प्रत्येक द्रोणात खोबरं असेल तरच खोबरं बाहेर काढायचं. पोरं गंभीर चेहऱ्यानं ऐकायची. तो प्रसाद मूळचा कुठला, ते माझ्या तोंडून आधीच शाळाभर झालं होतं. सर गेले तेव्हा मी कोल्हापुरात दूध तपासत होते, पांढरा कोट घालून. त्यांच्या मुलानं मला सांगितलं, बाबा शेवटपर्यंत आम्हांला ते उदाहरण प्रसादाचंच सांगत होते.

तात्यांनी कागदावर अंगठा केला, तो पुसला, आणि मगच विचारलं की मास्तर कसे राजी झाले. मी सांगितलं. आई पदर तोंडाला लावून बाहेर गेली. तात्यांचा चेहरा पडला. "त्या देवमाणसाला मटणाचं सांगितलंस व्हय?" ते म्हणाले. "आणि माझं नाव घेऊन?" त्यांनी सरांचा नमस्कार ऐकूनच घेतला नाही. दोन दिवस त्यांचं बोलणं कमी होतं. सुट्टीला आलेला सर्जादा निघताना म्हणाला, एक पावशेर रस्सा पाठवून द्या मास्तरला, फिटून जाईल. तात्यांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो एसटीच्या वेळेआधीच निघून गेला.

नंतर ऊसतोड सुरू झाली, गुऱ्हाळं लागली, आणि पौषातल्या एका रविवारी पुन्हा पालवं पडलं. मी वाटी-परात घेऊन अंगणात गेले तर गोणपाटावर दहा पानं होती, आणि त्यांच्यापासून चांगलं चार हात लांब, तुळशीच्या बाजूला, धुतलेल्या पाटावर अकरावं पान. तात्यांनी आंघोळ करून आधी ते घातलं होतं. त्यात नव्या गुळाचा खडा, ओल्या शेंगा, चार वांगी, हरभऱ्याचा डहाळा, लिंबं, मिरच्या. मळ्यात जे जे होतं ते सगळं. एखादी गोष्ट राहिली नाही ना, म्हणून तात्या डोळे बारीक करून त्याच्याकडं इतर दहांपेक्षा जास्त वेळ बघत होते. आक्का तेवढ्या म्हणाल्या, हा सरळ पाठवून द्या की पोरीबरोबर, पुकाऱ्यात कशाला? तात्या म्हणाले, वाटा हाय तर पुकारूनच जाणार. नियम म्हंजे नियम.

मी भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. अकरा नावं तोंडात घोळत होती. दहा वेळा काही चुकलं तरी कुणाचं बिघडणार नव्हतं. पण भलत्याच बोटावर सरांचं नाव माझ्या तोंडून गेलं, तर तात्यांच्या नियमाप्रमाणं त्या देवमाणसाच्या दारात नळी आणि चाप जाणार होते, आणि तात्या ते पोचवल्याशिवाय राहिले नसते. "ह्यो कुणाचा?" मी एक नाव घेतलं. "ह्यो कुणाचा?" दुसरं. तिसरं. चौथ्याला तात्यांचा आवाज जरा लांबून आल्यासारखा वाटला, तुळशीच्या बाजूनं. पण माझी खात्री होईना.

"ह्यो कुणाचा?"

मी गप्प राहिले. आणि मग, ज्या माणसाला मी आयुष्यात कधी खोकताना ऐकलं नव्हतं, ज्यानं एका खोकल्यासाठी दहा वाटे मोडून पुन्हा घातले होते, तो माणूस माझ्या मागं हलकेच खोकला.

"हुक्केरी सरांचा," मी भिंतीला सांगितलं.